फळमाशी नेमकी कोणती? बेळगाव भागात जात ओळखण्याची रीत

आंब्याचा मोसम सुरू झाला की माझ्याकडे माश्या येऊ लागतात. कुणी काड्यापेटीत आणतं, कुणी औषधाच्या रिकाम्या बाटलीत, तर कुणी थेट ओल्या कापसात गुंडाळून. सोबत नावही ठरवूनच आणलेलं असतं: "आंब्यातली आहे, म्हणजे डॉर्सॅलिस" (हे फळमाशीच्या एका जातीचं शास्त्रीय नाव). बऱ्याचदा ते नाव चुकतं. चूक भिंगाखाली पाहताना होते असंही नाही. माशी पकडताना, मारताना आणि टाचताना ती आधीच होऊन गेलेली असते.

या चुकीने नुकसान होतं. कडोलीकडच्या एका मावशींनी काकडीच्या मळ्यात मिथाइल युजेनॉलचे, म्हणजे त्या वासाचं आमिष घातलेले सापळे लावले होते. मला म्हणाल्या, "सर, माश्या तर डब्यात भरपूर पडालेत, मग काकडी कशी किडालीय?" डब्यातल्या माश्या बांधावरच्या आंब्यांच्या होत्या. काकडीची माशी त्या वासाला येतच नाही, तिला क्यू-ल्यूर हे दुसरं आमिष लागतं. जात ओळखली असती तर त्यांचा तो हंगाम वाचला असता.

आधी एका शब्दाचा घोळ मिटवू. शाळा-कॉलेजच्या पुस्तकात फळमाशी म्हणजे ड्रॉसोफिला: दोन-तीन मिलिमीटरची, लाल डोळ्यांची, पिकून सडू लागलेल्या केळ्यावर घोंगावणारी. आपण घरी तिला चिलट म्हणतो. शेतकऱ्याची फळमाशी वेगळी. ती घरमाशीएवढी असते, पिवळ्या पट्ट्यांची, दुरून छोट्या गांधीलमाशीसारखी दिसते आणि झाडावरच्या चांगल्या फळात अंडी घालते. हा लेख या दुसरीबद्दल आहे, पण चिलटं बाजूला कशी काढायची तेही वाटेत येईल.

## टप्पा १: साहित्य आणि चिठ्ठी

सराफाकडे असतं तसं दहापट भिंग हवं, वीसपट मिळालं तर उत्तमच. मोबाइलला लावायची मॅक्रो लेन्स, बारीक चिमटा, झाकणाचे प्लास्टिक डबे, मलमलचं कापड, चाळलेली वाळू किंवा लाकडाचा भुसा, ७० टक्के अल्कोहोल, कीटक टाचायच्या टाचण्या आणि पांढरा जाड कागद एवढं पुरतं. कॉलेजच्या प्रयोगशाळेतला स्टिरिओ मायक्रोस्कोप तासभर मिळाला तर काम खूप सोपं होतं, पण तो नाही म्हणून कुणी अडू नये.

साहित्यात सगळ्यात महत्त्वाची वस्तू म्हणजे चिठ्ठी, आणि ती माशी हातात येण्याआधी तयार हवी. चिठ्ठीवर गाव, तालुका, जिल्हा, राज्य, तारीख, फळाचं नाव, सापळा असेल तर त्यातलं आमिष आणि गोळा करणाऱ्याचं नाव लिहा. लिहायचं पेन्सिलीने, कारण जेल पेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते आणि बाटलीत नुसता निळा कागद उरतो.

सीमाभागात गावाचं नाव एकटं लिहून चालत नाही. एकाच नावाची गावं दोन-तीन तालुक्यांत सापडतात, काही सीमेच्या पलीकडे कोल्हापूर जिल्ह्यातही असतात. शिवाय कुणी बेळगाव लिहितं, कुणी बेळगावी. मोबाइलवरचे अक्षांश-रेखांश लिहून घेतले की हा प्रश्न मिटतो.

पिकाचं नावही नीट विचारून घ्या. गोकाक-बैलहोंगलकडे शेतकरी कन्नडमध्ये सांगेल. सौतेकाई म्हणजे काकडी, हागलकाई म्हणजे कारलं आणि हीरेकाई म्हणजे दोडका. नुसतं "काई" ऐकून "वेलवर्गीय भाजी" असं लिहू नका. कोणती भाजी, हे नंतर फार उपयोगी पडतं.

## टप्पा २: सापळ्यातली की फळातली?

इथे दोन वाटा आहेत आणि त्यांतून मिळणारी उत्तरं वेगवेगळी असतात.

सापळा सांगतो की या भागात ही माशी आहे. फळातून वाढवलेली माशी सांगते की ही या फळात वाढते. सापळ्यातल्या माशीवरून "पेरूची कीड" असं लिहिणं चूक, कारण मिथाइल युजेनॉलच्या वासाने नर लांबून येतात. तुळशीच्या फुलातही हे द्रव्य असतं. अंगणातल्या मंजिरीवर सकाळी पिवळ्या पट्ट्यांच्या माश्या बसलेल्या दिसल्या, तर त्या तुळशीला कीड लावायला आलेल्या नसतात.

सापळ्यात फक्त नर सापडतात हेही ध्यानात ठेवा. मिथाइल युजेनॉलला डॉर्सॅलिस, झोनाटा आणि करेक्टा या फळांवरच्या जाती येतात. क्यू-ल्यूरला कुकुर्बिटी आणि टाऊ या वेलभाज्यांवरच्या जाती येतात. वेलभाज्यांवरची डॅकस सिलिएटस यांपैकी कशालाच येत नाही, ती फळ कापूनच मिळते.

इशारा: एकाच हाताने दोन्ही आमिषं हाताळू नका. मिथाइल युजेनॉल लागलेली बोटं क्यू-ल्यूरच्या डब्याला लागली की त्या डब्यात आंब्याच्या माश्याही पडू लागतात आणि सगळी नोंद बिघडते. दर आमिषाला वेगळे हातमोजे वापरा आणि सापळेही एकमेकांपासून लांब टांगा.

इशारा: बाजारातून आणलेलं फळ स्थानिक नोंदीसाठी घेऊ नका. बेळगावच्या बाजारात कोकणचा आंबा येतो, धारवाडचाही येतो आणि चंदगड-गडहिंग्लजकडचा मालही असतो. त्यातून निघालेल्या माशीला "बेळगाव" अशी चिठ्ठी लावली तर ती खोटी नोंद ठरते. फळ झाडावरून किंवा त्या झाडाखालूनच उचला.

सापळा दर दोन-तीन दिवसांनी रिकामा करा. आठवडाभर ठेवलात तर मुंग्या डोकी आणि पोटं नेतात, उरलेलं वाळून ठिसूळ होतं, आणि पावसाळ्यात जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला तर सगळ्याचा बुरशीचा गोळा होतो.

पडताळणी: मिथाइल युजेनॉलच्या डब्यात पोटाच्या टोकाला सुईसारखी नळी असलेली माशी सापडली तर ती मादी. एखादी चुकून येऊ शकते. बऱ्याच दिसल्या तर डबे किंवा चिठ्ठ्या अदलाबदल झाल्या आहेत का ते आधी पाहा.

## टप्पा ३: फळातून माशी वाढवणं

फळावर टाचणीच्या टोकाएवढं छिद्र, भोवती मऊ डाग आणि दाबल्यावर येणारा पाण्यासारखा रस, अशी फळं निवडा. डब्याच्या तळाशी दोन-तीन सेंटिमीटर किंचित ओलसर वाळू पसरा. वर जाळी ठेवा आणि जाळीवर फळ. ही जाळी वगळली की गळणारा रस वाळूत साचतो आणि कोष गुदमरून मरतात. तोंडाला मलमल आणि रबर लावा. डबा पाण्याच्या ताटलीत ठेवला तर मुंग्या लागत नाहीत.

एका डब्यात एकच प्रकारचं फळ ठेवा. हा नियम मोडायचा मोह फार होतो, विशेषतः डबे कमी असले की. पण पेरू आणि आंबा एकत्र ठेवले तर निघालेली माशी कोणत्या फळातली, हे नंतर कुणालाच सांगता येत नाही.

आठवडाभरात अळ्या पूर्ण वाढतात. पूर्ण वाढलेली अळी अंगाचं कडं करून टुणकन उडी मारते, तेव्हा झाकण उघडं ठेवू नका. ती उडी फळमाशीच्या कुळाची चांगली खूण आहे, पण जात त्यावरून कळत नाही. अळी पाहून जात सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, नुसत्या डोळ्यांनी ते शक्य नाही.

वाळू चाळली की गव्हाच्या लहान दाण्यासारखे, चहाच्या रंगाचे कोष मिळतात. ते वेगळ्या बाटलीत थोड्या ओलसर भुशात ठेवा. आठ ते बारा दिवसांत माश्या निघतात. थंडीत वेळ वाढतो.

कधी कधी कोषातून माशीऐवजी बारीक गांधीलमाशी निघते. लांब शृंगिका (अँटेना) आणि पंखांच्या दोन जोड्या असल्या तर ती फळमाशीची शत्रू, परजीवी गांधीलमाशी. ती फेकू नका, वेगळ्या बाटलीत चिठ्ठीसह ठेवा. शेतकऱ्याच्या कामाची आहे.

## टप्पा ४: रंग भरू द्या

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून जरा थांबून वाचा.

कोषातून नुकतीच निघालेली माशी फिकट आणि मऊ असते. पंख चुरगळलेले असतात. पाठीचा काळा रंग भरलेला नसतो, तो तांबूस-भुरा दिसतो. पोटावरचा काळा नक्षीकाम असलेला भाग पुसट असतो. ही माशी त्याच दिवशी मारली तर ती कायमची तशीच राहते आणि ओळखणाऱ्याला फसवते.

एका वर्षी विद्यार्थ्यांनी पेरूतून काढलेल्या माश्या आणल्या. सगळ्या तांबूस होत्या आणि चिठ्ठीवर झोनाटा लिहिलं होतं. त्याच पेरूंचे अजून काही कोष बाटलीत होते. त्यातून निघालेल्या माश्यांना आम्ही पाच दिवस जगवलं. पहिल्या दिवशी पाठ विटकरी होती, दुसऱ्या दिवशी मध्यभाग काळवंडला. पाचव्या दिवशी पूर्ण काळ्या पाठीवर दोन लखलखीत पिवळे पट्टे उठून दिसत होते, आणि पंखाच्या कडेची पट्टी टोकापर्यंत अखंड होती. झोनाटा म्हणून आणलेली सगळीच डॉर्सॅलिस निघाली.

म्हणून किमान चार-पाच दिवस जगवा. बाटलीत साखरेचे दाणे आणि पाण्यात भिजवून पिळलेला कापूस ठेवा. पाणी ठिबकेल इतका ओला नको, माश्या चिकटून मरतात.

पडताळणी: पंख सपाट आणि कडक झालेत का? पाठीवरचा पिवळा आणि काळा भाग यांची सीमा स्पष्ट आहे का? दोन्हीला "हो" असेल तरच पुढे जा.

## टप्पा ५: मारणं, फोटो, टाचणं

फ्रीझरमध्ये रात्रभर ठेवा. बाहेर काढल्यावर अंगावरचं दव सुकू द्या आणि लगेच फोटो घ्या: वरून पाठ, समोरून चेहरा, पसरलेला एक पंख आणि वरून पोट. हे चार फोटो नंतर मिळत नाहीत, कारण वाळल्यावर किंवा अल्कोहोलमध्ये पिवळे पट्टे मळकट होतात, कधी विटकरी दिसू लागतात.

टाचणी पाठीच्या मध्यावरून घालू नका. कुकुर्बिटी आणि डॉर्सॅलिस यांतला मुख्य फरक असलेला मधला पट्टा नेमका तिथेच असतो आणि टाचणीने तोच फुटतो. कागदाचा लहान त्रिकोण कापा, त्याच्या टोकाला गोंदाचा थेंब लावा आणि माशीची उजवी कूस त्यावर चिकटवा. टाचणी त्रिकोणाच्या रुंद बाजूतून घाला, तिच्याखाली चिठ्ठी.

एका फळातल्या काही माश्या ७० टक्के अल्कोहोलमध्येही ठेवा. जनुकीय तपासणी करायची शक्यता असेल तर त्या ९५ टक्के किंवा त्याहून तीव्र अल्कोहोलमध्ये, वेगळ्या बाटलीत.

## टप्पा ६: आधी कुळ, मग पुढे

नावाकडे धावू नका. वरून खाली या.

पंखांची एकच जोडी आहे आणि मागच्या पंखांच्या जागी टोकाला गोळी असलेल्या दोन बारीक दांड्या आहेत का? मग ती द्विपंखी गणातली, म्हणजे खरी माशी. पंखांच्या दोन जोड्या असतील तर ती माशीच नाही.

पुढचा प्रश्न पंखाच्या शिरांचा. पंखाच्या पुढच्या कडेजवळची बारीक शीर कडेला मिळण्याआधी जवळजवळ काटकोनात वळते आणि पुसट होते. पंखाच्या बुडाशी असलेल्या एका छोट्या कप्प्याचं टोक सुरीसारखं लांब निघालेलं असतं. या दोन खुणा मिळाल्या की कुळ टेफ्रिटिडी. पंख काढून ग्लिसरीनच्या थेंबात काचपट्टीवर ठेवला तर त्या दहापट भिंगातही दिसतात.

चिलटाच्या पंखाच्या पुढच्या कडेला दोन जागी खाच असते आणि शृंगिकेवर पिसासारखा केस असतो. सडक्या फळाच्या डब्यातून दोन्ही प्रकार निघतात, आणि चिलटं आकाराने लहान असूनही संख्येने जास्त असतात. डोक्यावर आणि पाठीवर काळ्या किनारीच्या पांढऱ्या रेघा असलेलं चिलट सापडलं तर ते बहुधा झॅप्रिओनस. तेही चिलटांच्याच कुळातलं.

यानंतर वंश. पोट वरून पाहा. पोटाचे खंड एकमेकांना जुळून एकच ढालीसारखं आवरण झालं असेल तर वंश डॅकस. खंडांमधले सांधे वेगळे दिसत असतील तर बॅक्ट्रोसेरा किंवा झ्युगोडॅकस. चिमट्याच्या टोकाने पोट हलकेच वाकवून पाहिलं की सांधे समजतात. वाळलेल्या माशीवर हा प्रयोग करू नका, पोट तुटतं.

## टप्पा ७: पाठ, पंख, चेहरा, पोट

हा क्रम मोडू नका. बहुतेक जण पोटावरच्या काळ्या टी आकारापासून सुरुवात करतात आणि तिथेच फसतात. तो टी डॉर्सॅलिसवर असतो, करेक्टावरही असतो, आणि एकाच फळातल्या दोन बहिणींमध्येही कमी-जास्त असतो.

पाठ. पाठीच्या मागच्या अर्ध्यावर पिवळे पट्टे मोजा. दोन्ही बाजूंना एकेक, म्हणजे दोन? की मधोमध तिसराही?

तिसरा पट्टा असेल तर आपल्या भागात ती झ्युगोडॅकस धरून पुढे जा. पंखाच्या बाहेरच्या भागातल्या आडव्या शिरेवर धुरकट पट्टा असेल आणि टोकाला मोठा डाग असेल, तर झ्युगोडॅकस कुकुर्बिटी. जुन्या पुस्तकांत आणि औषधाच्या पत्रकांवर तिचंच नाव बॅक्ट्रोसेरा कुकुर्बिटी असं मिळेल, माशी तीच. आडव्या शिरेवर पट्टा नसेल आणि पाठीवर काळे भाग ठळक असतील तर झ्युगोडॅकस टाऊकडे बघा.

दोनच पट्टे असतील तर पाठीचा रंग पाहा. पूर्ण रंग भरलेली माशी आहे याची खात्री असेल तरच या खुणेला अर्थ आहे. पाठ तांबूस-भुरी असेल तर झोनाटा संभवते. काळी असेल तर डॉर्सॅलिस किंवा करेक्टा.

पंख. पंखाच्या पुढच्या कडेने जाणारी तपकिरी पट्टी टोकापर्यंत अखंड आहे का? अखंड असेल तर डॉर्सॅलिसची बाजू भक्कम झाली. पट्टी मध्येच संपून टोकाजवळ एक सुटा डाग असेल तर झोनाटा किंवा करेक्टा. पंख पांढऱ्या कागदावर ठेवून बघा, काळ्या टेबलावर ही पट्टी दिसत नाही.

चेहरा. समोरून, शृंगिकांच्या खाली. दोन सुटे काळे ठिपके डॉर्सॅलिस आणि झोनाटा दोघींना असतात. करेक्टाचे ठिपके आडवे पसरून मध्ये जवळजवळ मिळतात, मिशी काढावी तसे. पेरूवरची करेक्टा ओळखायला मला हीच खूण सर्वांत विश्वासाची वाटते, कारण माशी जुनी झाली तरी ती टिकते.

पोट. शेवटी. वरच्या तीन खुणा जुळल्या असतील तर पोटावरचा टी त्यांना दुजोरा देतो. जुळल्या नसतील तर पोटावरून निकाल लावू नका.

अथणी-चिकोडीकडच्या कोरड्या भागात बोरातून पिवळट, लहान, पाठीवर काळे ठिपके आणि पंखांवर आडवे पट्टे असलेली माशी निघाली, तर ती कार्पोमिया वेसुव्हियाना, बोराची फळमाशी. तिच्यावर वरच्या प्रश्नांची ओळ चालवू नका.

## टप्पा ८: कुठे थांबायचं

डॉर्सॅलिससारख्या दिसणाऱ्या अनेक जाती आहेत. बॅक्ट्रोसेरा कॅरी ही त्यांपैकी एक दक्षिण भारतात आहे आणि तीही मिथाइल युजेनॉलला येते. पायांच्या मांड्यांवर ठळक काळे डाग दिसले, पिवळे पट्टे नेहमीपेक्षा अरुंद दिसले, तर "डॉर्सॅलिस" लिहू नका. "बॅक्ट्रोसेरा, डॉर्सॅलिस गट" एवढंच लिहा. खानापूरच्या जंगलालगतच्या गावांत तर याची जास्त काळजी घ्या. तिथे तीन पट्ट्यांच्या माश्याही सगळ्या कुकुर्बिटी नसतात.

जात ओळखायला नेहमी वापरला जाणारा सीओआय नावाच्या जनुकाचा तुकडा तपासला तरी या गटातल्या जवळच्या जाती नीट वेगळ्या होत नाहीत. म्हणून "डीएनए केलं की झालं" असं समजून नमुने टाकून देऊ नका. टाचलेली माशी आणि तिचे चार फोटो हाच आधार राहतो.

शंका असेल तर धारवाडच्या कृषी विज्ञान विद्यापीठातल्या किंवा बेंगळुरूच्या राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरोमधल्या तज्ज्ञांना विचारता येतं. आधी फोटो पाठवून नमुना हवा का ते विचारा. पाठवताना किमान दोन नर आणि दोन माद्या द्या, एकाच फळातल्या आणि पूर्ण रंग भरलेल्या. त्याच फळातले तितकेच नमुने स्वतःकडे ठेवा. टाचलेल्या माश्यांच्या पेटीत सिलिका जेलची पुडी टाका आणि आषाढ-श्रावणात दर आठवड्याला उघडून बघा.